तोंड न लावलेला पेला

मित्रांनो, मी पेला आहे. स्टीलचा, जुना, पोटावर एक पोचा असलेला, आणि काठाला भोक पाडून साखळीने बांधलेला. चोरी केली म्हणून बांधलं नाही हो, चोरीला जाऊ नये म्हणून बांधलं. पण साखळी ती साखळीच. वारा आला की मी खुळखुळतो, पंखा लागला की खुळखुळतो, आणि यंदाच्या उन्हाळ्यात तर वारा-पंखा काही नसताना खुळखुळत होतो. का, ते ऐका. मी आठ जणांना आजारी पाडलं आणि एका बाईवर चूल विझवायची वेळ आणली. तेही स्वतः लख्ख, चकचकीत राहून!

अरे, मागे काय सरकताय? आता मी निर्मळ आहे. आणि मधूनच गोष्ट सुरू करायची मला सवय नाही. जन्मापासून सांगतो.

माझा जन्म लढाऊ विमानाच्या पंखातून झाला. तुमच्यातला एखादा शहाणा म्हणेल, विमानाला स्टील कुठे असतं? बरं, आगगाडीचा डबा धरा. तेही पटत नसेल तर लग्नातलं पाण्याचं पिंप धरा. पण पिंपाच्या खाली मी एक पायरीही उतरणार नाही.

तर तिथून मी तुळशीबागेजवळच्या एका भांड्यांच्या दुकानात आलो. चौदा वर्षांपूर्वी तिथून मला रामदासकाकांनी निवडलं. त्यांची आई, मुक्ताबाई, नुकतीच गेली होती. काकांची सदाशिव पेठेत अभ्यासिका आहे. मोठमोठ्या परीक्षांची मुलं तिथे दिवसभर मान खाली घालून वाचत बसतात. त्या मुलांसाठी आईच्या नावाने पाण्याचा माठ ठेवायचा, असं काकांनी ठरवलं. माठ आला, आणि माठावर मी.

दुकानदाराने माझ्या पोटावर टर्र-टर्र करत नाव घातलं. काकांनी चष्मा वर करून वाचलं.

"कै. मुक्ताबाईच्या स्मरणार्थ? अहो, अनुस्वार कुठंय?"

"कुठला अनुस्वार?"

"मुक्ताबाईंच्या! ती माझी आई होती. तुमच्या दुकानात लादी पुसायला येत नव्हती."

दुकानदाराने चिडून असं काही टिंब मारलं की पोटात हा पोचा पडला. लोकांना वाटतं, पोचा पडला म्हणजे पेला पडलेला असणार. मी पडलेलो नाही, मित्रांनो. मला व्याकरणाचा मार बसलाय.

पुढची चौदा वर्षं मी काय पाणी पाजलं म्हणता! मोजलं तर खडकवासला दोनदा रिकामं होईल. माझं पाणी पिऊन दोन तहसीलदार झाले, एक फौजदार झाली, आणि एक जण सगळं सोडून रसवंती चालवतो, तो सगळ्यांत खुशीत आहे. माठाच्या वर काकांनी स्वतःच्या अक्षरात पाटी लावली होती :

"पेल्याला तोंड लावू नये. पाणी वरून प्यावे. आपल्याला घरी हे शिकवले असेल असे आम्ही समजतो."

आणि मुलं ऐकायची हं! चौदा वर्षांत एकाही ओठाने मला उष्टावलं नाही. नवीन मुलगा आला आणि चुकून मला तोंडाजवळ नेऊ लागला, की चार जण पुस्तकातून माना वर काढायचे. मला त्याचा केवढा तोरा होता! मी स्वतःला देवघरातल्या भांड्यांत धरायचो.

आता माठाचं सांगतो. माठाला आधी तोटी होती. ती गळायला लागली. काकांनी एक रविवार घालवून ती सिमेंट भरून कायमची बंद केली. "थेंबाथेंबाने माठ रिकामा होतो," म्हणाले. तेव्हापासून झाकण काढायचं, मला आत बुडवायचं, भरून काढायचं आणि वरून प्यायचं.

आणि संडासाबाहेरच्या बेसिनवर दुसरी पाटी होती. तीही ऐका :

"साबण चोरीला जातो. हवा असल्यास ऑफिसातून मागून घ्यावा व परत आणून द्यावा."

आता मला सांगा, तुमच्यापैकी कोण संडासातून येऊन, काकांच्या टेबलापाशी जाऊन, दहा जणांसमोर "काका, साबण द्या" म्हणेल? कोणीच म्हणायचं नाही. नुसतं पाण्याखाली हात धरायचे, पँटीला पुसायचे आणि यायचे माझ्याकडे. तहान लागलेली असायची ना!

जिन्याखालच्या खोलीत चंपाताईंचं स्वयंपाकघर होतं. खोली काकांचीच. चंपाताई पोळीभाजीचे डबे करायच्या. निम्मी अभ्यासिका त्यांच्याकडे जेवायची आणि बावीस डबे कोपऱ्यावरच्या बँकेत जायचे. गावाकडची बाई, बोलणं सरळ. एकदा वर डबे द्यायला आल्या आणि माठाकडे बघून उभ्याच राहिल्या.

"काका, इथं ओगराळं ठेवा की. लांब दांड्याचं. पोरं पार मनगटापर्यंत हात बुडवत्यात."

"चंपाताई, इथे कोणी तोंड लावत नाही."

"तोंडाचं कोन बोलतंय? मी हाताचं म्हनती."

"तुम्ही भाजीत मीठ बघा," काका म्हणाले. "माठाचं मी बघतो."

चंपाताई मीठ बघायला गेल्या. मी हसलो. हो, मीही हसलो, लपवत नाही. उष्टा नसलेल्या पेल्याला कोणी शिकवायचं म्हणजे काय!

मग मार्च महिन्यात रविराज एका मित्राच्या लग्नाला गेला. आमच्या अभ्यासिकेतला हा सगळ्यांत हसरा मुलगा. तिथे म्हणे बर्फ घातलेलं सरबत होतं, आणि हा तीन ग्लास प्यायला. परत आला, बसला, वाचू लागला. काही नाही झालं. एक आठवडा काही नाही, दोन आठवडे काही नाही. तिसऱ्या आठवड्यात त्याची भूक गेली. "उन्हाने असेल," म्हणाला. आणि संडासातून येऊन, ओल्या हाताने मला धरून, त्याने मला माठात बुडवलं.

तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं.

तुम्हाला दिसत नाहीत ते. पण आम्हा भांड्यांना दिसतात, शपथ! तुम्ही त्यांना विषाणू म्हणता. इतके बारीक, की टाचणीच्या टोकावर त्यांची अख्खी पेठ वसेल आणि वर पार्किंगलाही जागा उरेल. रविराजच्या बोटांवरून ते माठात उतरले. पर्वतीला सहल आल्यासारखे, रांगेने. मी ओरडलो. पण पेला ओरडला तर काय होतं? ठण्ण होतं. पलीकडून कोणीतरी म्हणालं, "श्शू!"

त्यानंतर माझी झोप उडाली. रविराजचे डोळे पिवळे झाले तेव्हा तो घरी गेला, पण त्याच्या आधी आठ दिवस तो मला रोज बुडवत होता. या काविळीची लबाडी हीच आहे, मित्रांनो. डोळे पिवळे व्हायच्या आधीच ती दुसऱ्याकडे निघालेली असते. बिचाऱ्या रविराजला तरी काय ठाऊक! आणि ज्यांच्या पोटात गेली त्यांनाही तीन-चार आठवडे पत्ता लागत नाही. एप्रिलभर मुलं हसत-खेळत येत होती, मला उचलत होती, पाटीकडे बघून वरून पीत होती. मला दिसत होतं, आणि मी खुळखुळण्यापलीकडे काही करू शकत नव्हतो.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एकदम सात जण झोपले. कोणाला उलटी, कोणाला ताप, मग पिवळे डोळे. परीक्षा पाच आठवड्यांवर. अभ्यासिकेच्या ग्रुपवर नुसता कल्लोळ! आणि मग कोणीतरी लिहिलं, "हे सगळे कुठे जेवतात बघा."

बघितलं. रविराज धरून आठ आजारी, त्यांतले सहा चंपाताईंकडचे.

झालं! संध्याकाळी तक्रारीचा कागद तयार. पहिली सही तनुजाने केली. तनुजा वारज्याहून स्कूटीवर यायची, हुशार मुलगी, सगळ्यांना नोट्स द्यायची. माझ्याशेजारी भिंतीला कागद टेकवूनच सही केली तिने.

"तू तर जेवतही नाहीस तिथे," सोनाली म्हणाली. ती तिच्या शेजारच्या खुर्चीवरची.

"म्हणूनच तर! मी न्यूट्रल आहे ना. लिटरली सगळ्यांचं वर्ष जाईल यार."

काकांनी कागद वाचला आणि जिन्यात नवी पाटी लागली : "खालील डबे बंद आहेत. कावीळ आहे."

चंपाताई पीठ लागलेल्या हाताने वर आल्या.

"काका, माझ्या घरात कुनाला कावीळ हाय? बँकेत बावीस डबे जात्यात, तिथं एक तरी मानूस पिवळा झाला का? इचारा."

"ते मला माहीत नाही. मुलांच्या जिवाचा प्रश्न आहे."

"आन माझ्या?"

काकांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "रविवारपर्यंत खोली मोकळी करा, चंपाताई. मलाही बरं वाटत नाहीये."

"तुमाला बरं न वाटायला काय झालं?" चंपाताई म्हणाल्या. "तुमी कुठं माझ्याकडं जेवता!" आणि त्या खाली गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून जिन्यातून फोडणीचा वास येईना. भांडी बांधल्याचे आवाज येऊ लागले. आम्हा भांड्यांना तो आवाज लगेच कळतो. पातेल्यात पातेलं, डब्यात डबा. सोमवार, मंगळवार, बुधवार. मी साखळीला हिसके देत होतो. माणसं बरी, त्यांना निदान भांडता येतं. आणि वर उरलेली मुलं अजून मलाच बुडवत होती! खालची चूल बंद झाली म्हणजे कावीळ गेली, अशी त्यांची खात्री.

त्याच सोमवारपासून तनुजाला मळमळत होतं. शुक्रवारी सकाळी ती वडिलांबरोबर पुस्तकं न्यायला आली. डोळे हळदीच्या बोटांनी चोळल्यासारखे. नेमक्या त्याच वेळी डॉक्टर जया जिना चढून वर आल्या. त्यांचा दवाखाना पलीकडच्या इमारतीत, आणि आमचे चार रोगी त्यांच्याकडेच होते.

"तूही का?" त्या तनुजाला म्हणाल्या. "तू कुठे जेवतेस?"

"घरून डबा आणते."

"चंपाताईंकडचं कधी? एखादी पोळी? ताक?"

तनुजाने वडिलांकडे बघितलं, मग भिंतीकडे. मी तिच्या नजरेसमोरच लटकत होतो. 'बोल गं,' मी म्हणत होतो, 'बोल!' खोटं बोलणं सोपं होतं. खाल्ली होती एकदा, एवढं म्हटलं असतं तर सहीची लाज राहिली असती.

"कधीच नाही," ती म्हणाली. "आणि डॉक्टर, तक्रारीवर पहिली सही माझी आहे."

"शाब्बास," डॉक्टर म्हणाल्या. आता हे कौतुक होतं की टोमणा, ते सदाशिव पेठेत कोणालाच सांगता येत नाही.

मग त्यांनी वही काढली आणि विचारत सुटल्या. कोण कुठे जेवतं, कोण कुठलं पाणी पितं. आजारी नऊ. सहा चंपाताईंकडचे, तीन नाहीत. चंपाताईंकडे जेवून ठणठणीत असलेले दोघं निघाले. दोघंही घरून बाटली आणतात. बँकेत फोन केला, तिथे सगळे गोरे-सावळे जसे होते तसेच. वहीवर रेघ मारून त्यांनी मान वर केली आणि माठाकडे बघितलं.

आता इथे मी मोठा पराक्रम केला. सगळं बळ एकवटून मी साखळी तोडली आणि डॉक्टरांच्या पायाशी उडी घेतली. ठण्ण! कोणी म्हणेल की कडी झिजलेली होती आणि तनुजाच्या वडिलांच्या पिशवीचा धक्का लागला. म्हणू दे. त्यांना बोलायला काय जातं, उडी मी मारली.

डॉक्टरांनी मला उचललं. "हा सगळ्यांचा का?"

रामदासकाका धावत आले. "अहो, तो आईच्या नावाचा आहे. त्याला काही म्हणू नका. चौदा वर्षांत एक माणूस तोंड लावत नाही त्याला. हे बघा, मी दाखवतो."

त्यांनी मला घेतलं, झाकण बाजूला केलं, चार बोटं बाहेरून आणि अंगठा आतून धरून मला थेट बुडवलं. वर काढलं. हात उंच केला, मान मागे टाकली.

"थांबा," डॉक्टर म्हणाल्या.

काका तसेच थांबले. हात वर, तोंड उघडं.

"तोंड लागलं नाही, मान्य. पण काका, बोटं बघा."

काकांच्या बोटांवरून, मनगटावरून पाणी निथळत होतं. शर्टाची बाही कोपरापर्यंत ओली. टप, टप, माठात परत. सगळी अभ्यासिका ते पाणी बघत होती.

"ही कावीळ उष्ट्याने पसरते त्याच्या कितीतरी पट हाताने पसरते," डॉक्टर म्हणाल्या. "पोटातून बाहेर पडते, न धुतलेल्या बोटांवर बसते आणि दुसऱ्याच्या पोटात जाते. प्रत्येक रोगाचा रस्ता वेगळा असतो. सर्दी शिंकेतून येते, डेंग्यू डासातून येतो. हिचा रस्ता हा. तुम्ही पहारा ठेवलात ओठांवर, आणि ती गेली अंगठ्यावरून. साबण कुठे असतो हो तुमच्याकडे?"

 सोनालीने टेबलाच्या खणाकडे बोट दाखवलं. "कुलपात."

डॉक्टरांनी पाणी तपासायला बाटलीत भरून घेतलं आणि माठ ओतून टाकायला सांगितला. "अहवाल यायचा तेव्हा येईल. मी त्यासाठी थांबणार नाही, तुम्हीही थांबू नका."

काका स्टुलावर बसले. मी त्यांच्या हातात. पोच्यावरून, त्या अनुस्वारावरून त्यांचा अंगठा फिरत होता.

"आई माठात हात घालू देत नसे," ते हळूच म्हणाले. "आल्यागेल्याला स्वतः ओगराळ्याने पाणी वाढायची. आम्ही पोरं हात बुडवायला गेलो की तेच ओगराळं बोटांवर बसायचं. तिची आठवण म्हणून मी ते घरी फोटोशेजारी टांगून ठेवलंय." त्यांनी मला वर धरलं. "आणि नाव घातलं या पेल्यावर."

तेवढ्यात खालून पातेल्यात पातेलं घातल्याचा आवाज आला. काका उठले. मला वाटलं, खाली जाऊन माफी मागतील. छे! पुण्याच्या माणसाला तोंडाने माफी मागता आली असती तर एवढ्या पाट्या लागल्या असत्या का? त्यांनी पुठ्ठा घेतला, मार्कर घेतला, आणि दहा मिनिटांनी जिन्यात जुन्या पाटीवर नवी चिकटवली. मला हातात घेऊनच गेले, म्हणून मी वाचली :

"कालपर्यंतची पाटी चुकीची होती. चंपाताईंचे जेवण स्वच्छ आहे व होते. दोष आमच्या माठाचा, आमच्या कुलपाचा व आमच्या हुशारीचा. त्या जाणार नाहीत, अशी विनंती आहे. — रामदास."

चंपाताई दारात आल्या. एका हातात सुतळी. त्यांनी पाटी वाचली, पुन्हा वाचली.

"अक्षर बरं हाय तुमचं," त्या म्हणाल्या.

मग त्यांची नजर जिन्यात वडिलांना धरून उभ्या असलेल्या तनुजाकडे गेली.

"सॉरी, ताई," तनुजा म्हणाली. आवाज रडवेला होता.

"सही झोकात केली व्हतीस," चंपाताई म्हणाल्या. "आता घरी जाऊन झोप. वाचत बसू नगं. डोळं निवळूस्तोवर तेलकट खाऊ नगं. मला ल्हानपनीच होऊन गेलीया, म्हाईत हाय काय हाल होत्यात ते. सांजच्याला मुगाची खिचडी पाठवू का?" आणि तिच्या वडिलांकडे वळून, "का तुमच्याकडं आमची खिचडी चालत न्हाई?"

वडील घाईघाईने म्हणाले, "चालते! पळते!" आणि सगळ्यांना हसायला आलं, तनुजालासुद्धा.

सुतळी सुटली. पातेली पुन्हा मांडली गेली. तपासणीत माठाच्या पाण्यात नको तेच निघालं. तनुजाची परीक्षा तेवढी चुकली. सगळंच गोड झालं असं मी सांगणार नाही, एवढ्या थापा मी मारत नाही. ती पुढच्या वर्षी देणार आहे. रविराज बरा होऊन आलाय, आणि सरबताचं नाव काढलं की पळतो.

नव्या माठाला न गळणारी तोटी आहे, आणि वर मुक्ताबाईंचं ओगराळं टांगलंय, नुसतं पहाऱ्याला. मुलं घरून आपापल्या बाटल्या आणतात. मग माझं काय झालं?

काका मला माळ्यावर टाकणार होते. चंपाताईच म्हणाल्या, "आवो, साबन चोरीला जातोय म्हनता ना? मग ह्याला बेसिनला बांधा आन ह्याच्यातच ठेवा साबन. साखळीची सवय हायेच त्याला."

तर मित्रांनो, मी आता बेसिनवर असतो. साखळी नवी आहे, तळाला चार भोकं पाडलीत, म्हणजे पाणी साठत नाही. पोटात साबण, अंगाला घमघमाट! आणि ते टाचणीच्या टोकावरचे पेठकरी येतात ना बोटांवर बसून, त्यांना मी फेसात असं काही लोळवतो, की काल त्यातला एक मला "काका, सोडा" म्हणाला. खोटं वाटतं? बरं, खोटं धरा. पण हात खरे धुवा. बोटांच्या मधून, नखांच्या खालून, अंगठा विसरू नका. अंगठ्यानेच आमचा घात केला होता.

अजूनही मी खुळखुळतो. संडासाचं दार वाजतं, नळ सुटतो, आणि मी वाट बघतो, येतोय की नुसता पँटीला पुसून पळतोय? तेवढ्या क्षणापुरता माझ्या जिवाला घोर असतो. चौदा वर्षं माझ्या डोक्यावर पाटी होती, याला तोंड लावू नका. आता पाटी काढलीय, म्हणून मीच सांगतो : बाळांनो, मला हात लावा. जेवायच्या आधी लावा, आणि तिथून बाहेर आलात की तर धावत येऊन लावा!